कांचेच्या हौदांतील कर्बवायु

अकोल्यांतील एका मध्यमवर्गीय घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. दिवाणखान्यांत, खिडकीच्या उन्हापासून दूर, भिंतीला लागून कांचेचा एक हौद मांडलेला आहे. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे त्यांत सुमारें ८८ लिटर पाणी मावतें. तळाशीं वाळूचा थर आहे, त्यांत नाना जातींच्या पाणवनस्पती लावल्या आहेत, आणि त्यांच्यामधून पंधरावीस लहान मासे फिरत आहेत. वनस्पती मात्र जोमानें वाढत नाहींत. पानें पिवळीं पडतात, त्यांवर शेवाळाचे तंतु चढतात. घरच्या गृहस्थांनीं एक परदेशी पुस्तक मिळविलें. त्यांत उपाय दिला होता कीं, पाण्यांत कार्बन डायऑक्साइड सोडावा, आणि पाण्याचा सामू ६.६ वर आला म्हणजे मात्रा बरोबर झाली असें समजावें. गृहस्थांनीं वायूची नळकांडी आणली, सामू मोजण्याचें यंत्र आणलें, आणि दिवसभर धीर धरून वायु सोडला. रात्रीं यंत्रावर ६.६ हा आंकडा उमटला. समाधानानें ते निजले. सकाळीं मुलीची हांक आली, "बाबा, सगळे मासे वर कां आले आहेत?" मासे पृष्ठभागाशीं तोंडें आणून हवेसाठीं धडपडत होते. दुपारपर्यंत निम्मे मेले.

पुस्तक खोटें नव्हतें. गृहस्थांनींहि आज्ञेंत कांहीं कसूर केली नव्हती. चूक झाली ती एवढीच कीं, पुस्तक लिहिणाराचें पाणी आणि वाचणाराचें पाणी एक नव्हतें. वऱ्हाडचें पाणी वऱ्हाडचें आहे. त्याला दुसऱ्या मुलखाचा आंकडा जसाच्या तसा लावला तर काय घडतें, याचें तें उदाहरण होय. ही चूक समजून घेण्यासाठीं रसायनशास्त्राची पदवी लागत नाहीं. थोडा त्रैराशिक हिशेब आणि थोडें निरीक्षण पुरतें.

या वायूला जुन्या मराठी लेखनांत कर्बाम्ल वायु असेंहि म्हटलें जाई. तें नांव मोठें सार्थ होतें. कारण हा वायु पाण्यांत विरघळला कीं त्याचें सौम्य अम्ल बनतें. सोडावॉटरचा जिभेला होणारा चुरचुरीत आंबटपणा तो हाच. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यानें १७५४ ते १७५६ च्या सुमारास खडू आणि तत्सम क्षार यांत हा वायु बांधलेला असतो हें सिद्ध केलें. १७७१ सालीं प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानें असें पाहिलें कीं, मेणबत्ती जळून विझली त्या बंद पात्रांतील हवा पुदिन्याच्या रोपानें पुन्हां जळण्यास योग्य होते. १७७९ सालीं इंगेनहाउस या डच वैद्यानें पानें पाण्यांत बुडवून उन्हांत ठेवलीं, तेव्हां त्यांच्यापासून बुडबुडे उठूं लागले. अंधारांत तेच बुडबुडे थांबले. पुढें १७८२ च्या सुमारास जिनीव्हा येथील सेनेबिए यानें दाखविलें कीं, उकळून वायु घालविलेल्या पाण्यांत पानें ठेवलीं तर ऊन असूनहि बुडबुडे येत नाहींत. म्हणजे पान प्राणवायु सोडतें तें कर्बाम्ल वायूच्या मोबदल्यांत. प्रकाशाच्या साहाय्यानें तो वायु पान आंत घेतें, त्यांतील कर्ब स्वतःच्या देहांत जिरवितें आणि प्राणवायु बाहेर टाकतें. वाळलेल्या वनस्पतीच्या वजनाचा जवळजवळ ४० ते ४५ टक्के भाग कर्बाचाच असतो.

या विषयांत भारतीय नांवहि आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यांत पाण्यांतील हायड्रिला या वनस्पतीवर दीर्घ प्रयोग केले. उन्हांत तिच्यापासून निघणाऱ्या प्राणवायूची आपोआप नोंद व्हावी असें यंत्र त्यांनीं रचलें, आणि १९२४ सालीं या प्रयोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ही हायड्रिला कांहीं दुर्मिळ वनस्पति नव्हे. आपल्याकडील तलावांत आणि कालव्यांत ती मुबलक आढळते, आणि सर्वसाधारण लोक तिला शेवाळ या एकाच नांवानें ओळखतात.

कांचेच्या हौदाची कल्पना त्याहून जुनी. १८४९ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें एका हौदांत सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति एकत्र ठेवली. माशांनीं सोडलेला कर्बाम्ल वायु वनस्पतीनें घ्यावा, वनस्पतीनें सोडलेला प्राणवायु माशांनीं घ्यावा, असा तो व्यवहार होता. कुजलेल्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें तेव्हां त्यानें गोगलगाई सोडल्या आणि तोल सांवरला. आजहि ज्या हौदांत मासे पुरेसे, वनस्पती मंद वाढीच्या आणि प्रकाश माफक आहे, तेथें हा वॉरिंग्टनचा तोल पुरतो. निराळा वायु सोडण्याची गरज पडत नाहीं. गरज पडते ती तेव्हां, जेव्हां तेजस्वी दिवे लावून घनदाट, लालहिरवी बाग पाण्याखालीं फुलविण्याची हौस असते.

शेतकऱ्याला हें सहज समजेल. जमिनीला खत भरपूर दिलें, पण पाऊसच झाला नाहीं, तर खत कुचकामी ठरतें. ज्या वस्तूचा तुटवडा सर्वांत मोठा, तीच वाढीची मर्यादा ठरविते. पाण्याखालच्या बागेंत हा तुटवडा बहुधा कर्बाचा असतो. मोकळ्या हवेशीं समतोल झालेल्या एक लिटर पाण्यांत कर्बाम्ल वायु अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. शिवाय पाण्यांत वायु पसरण्याची गति हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटीनें मंद आहे. म्हणून पानाच्या अगदीं लगतचा वायु संपला तरी दूरचा लवकर पोंचत नाहीं. अशा स्थितींत दिवा वाढविला कीं झाड उपाशीं राहतें आणि त्या प्रकाशावर शेवाळाचें फावतें. ज्या हौदांत बाग जोरानें वाढवायची, त्यांत लिटरमागें २० ते ३० मिलिग्रॅम वायु ठेवण्याची पद्धति आहे. ३० च्या पुढें गेल्यावर मासे अस्वस्थ होऊं लागतात, आणि त्याहून बरेंच वाढल्यास प्राणास मुकतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं, कर्बाम्ल वायु वाढला म्हणजे प्राणवायु तितका कमी होतो, आणि म्हणून मासे मरतात. पाण्यांत हे दोन्ही वायु एकमेकांची जागा अडवीत नाहींत. दोन्ही एकाच वेळीं भरपूर असूं शकतात. मासा गुदमरतो त्याचें कारण निराळें आहे. त्याच्या रक्तांतील कर्बाम्ल वायु कल्ल्यांवाटे बाहेर पडावयाचा असतो. बाहेरच्या पाण्यांतच तो दाटला असेल तर तो बाहेर पडत नाहीं. रक्त अम्ल होतें, आणि अम्ल रक्ताची प्राणवायु धरून ठेवण्याची शक्ति घटते. हा नियम डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९०४ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे भरल्या ताटासमोर बसूनहि मासा उपाशीं मरतो. नुसते हवेचे बुडबुडे पाहून निर्धास्त राहणें म्हणूनच धोक्याचें. मात्र हवेच्या पंपानें पृष्ठभाग खळबळला म्हणजे जास्तीचा कर्बाम्ल वायु उडून जातो, आणि तो संकटकाळचा पहिला उपाय होय. गोळीची सोडावॉटरची बाटली उघडून ढवळली कीं ती फिकी पडते, तसाच हा प्रकार.

आतां अकोल्याच्या त्या हौदाचा हिशेब पाहूं. पाण्यांत बायकार्बोनेट नांवाचे क्षार विरघळलेले असतात. त्यांचें माप जडपणाच्या अंशांत सांगतात. एक अंश म्हणजे लिटरमागें सुमारें १८ मिलिग्रॅम चुनखडीइतकी क्षारता. बाजारांत मिळणाऱ्या थेंबांच्या संचानें हें माप घरीं घेतां येतें. पांच मिलिलिटर पाण्यांत थेंब टाकीत जावयाचे, आणि रंग पालटला त्या वेळीं जितके थेंब झाले तितके अंश. हे क्षार अम्लाला रोखून धरतात. वायु पाण्याला अम्लाकडे ओढतो, क्षार अल्काकडे ओढतात; आणि या दोघांच्या ओढाताणींत जो बिंदु निघतो तो सामू. तेव्हां नुसता सामू पाहून वायु किती, हें सांगतां येत नाहीं. रस्सीखेचींत रुमाल मध्यभागीं आहे एवढ्यावरून दोन्ही बाजूंस गडी किती आहेत हें कळत नाहीं, तसेंच हें.

हिशेबाचा नियम असा. जडपणाच्या अंशांना तिनानें गुणावें. सामू ७ असेल तर तो गुणाकार म्हणजेच वायूचें मिलिग्रॅममधील प्रमाण. सामू ७ च्या खालीं एकानें उतरला तर तें प्रमाण दसपट. एकानें वर चढला तर दहावा हिस्सा. सामू ०.३ नें उतरला कीं वायु दुप्पट झाला असें धरावें. आतां परदेशी पुस्तककाराचें पाणी ४ अंशांचें होतें असें समजा. चार त्रिक बारा, सामू ६.६, म्हणजे ०.४ नें खालीं, म्हणून अडीच पट. बारा अडीच तीस. पुस्तक बरोबर होतें. परंतु अकोल्यांतील त्या घरचें विहिरीचें पाणी १६ अंशांचें असेल तर सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि त्याची अडीच पट म्हणजे १२०. माशांना ३० मिलिग्रॅम सोसावयाचे, तेथें त्यांच्या वांट्याला १२० आले. त्या पाण्यांत ३० मिलिग्रॅम वायु हवा असेल तर सामू ७.२ वरच थांबावयास हवें होतें. पाणी ८ अंशांचें असतें तर ६.९ वर, आणि २० अंशांचें असतें तर ७.३ वर. यंत्रावरील ६.६ आणि ७.२ यांत डोळ्यांना अंतर थोडें दिसतें. माशांना तें जीवनमरणाचें अंतर आहे.

वऱ्हाडांत हा इशारा विशेष महत्त्वाचा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचें पाणी खारट, आणि पुष्कळ ठिकाणीं सोडियमच्या क्षारांनीं व बायकार्बोनेटांनीं भरलेलें. उलट अमरावती शहराला मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचें आणि अकोला शहराला महानजवळच्या काटेपूर्णा धरणाचें पाणी मिळतें. धरणांत सांठलेलें पावसाचें पाणी विहिरीच्या मानानें बहुधा हलकें असतें. एकाच शहरांत नळाचें पाणी एका प्रकारचें आणि परसांतील कूपनलिकेचें दुसऱ्या प्रकारचें, असें नित्य घडतें. एके दिवशीं नळ आला नाहीं म्हणून कूपनलिकेचें पाणी हौदांत ओतलें, तर सगळा हिशेबच पालटतो. क्षारतेची परिसीमा पाहावयाची तर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आहेच. त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, आणि तेथें सूक्ष्म जीवांचें एक निराळेंच जग नांदतें. परंतु मत्स्यपालनाच्या हौशी माणसाला तें पाणी उपयोगी नाहीं.

जड पाणी उकळून हलकें करावें, असा सल्ला पुष्कळदां दिला जातो. चुन्याच्या बायकार्बोनेटामुळें आलेला जडपणा उकळल्यानें खरोखर कमी होतो. बंबाच्या आणि पातेल्याच्या आंतल्या बाजूस बसणारा पांढरा थर ही त्याची साक्ष. परंतु सोडियमचें बायकार्बोनेट उकळून खालीं बसत नाहीं. त्याचा धुण्याचा सोडा बनूं लागतो आणि पाण्याचा सामू उलट चढतो. म्हणून खारपाणपट्ट्यांतील पाण्याला हा उपाय लागू नाहीं. तेथें पावसाचें सांठविलेलें पाणी किंवा घरांतील पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्राचें पाणी मिसळावें. १६ अंशांच्या एका भागांत क्षारहीन पाण्याचे तीन भाग घातले कीं मिश्रण ४ अंशांवर येतें. हा बदल एकदम न करतां, दोनतीन आठवड्यांत थोडाथोडा करावा. माशांच्या देहाला नव्या पाण्याशीं जुळवून घेण्यास अवधि लागतो. जडपणा शून्यावर मात्र कधींच नेऊं नये. अजिबात क्षार नसलेल्या पाण्याला धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं, आणि सामू एका रात्रींत कोसळतो.

वर सांगितलेल्या हिशेबालाहि एक मर्यादा आहे. क्षारता केवळ बायकार्बोनेटांचीच आहे आणि अम्ल केवळ कर्बाम्ल वायूचेंच आहे, असें त्यांत गृहीत धरलें आहे. हौदांत लांकडाचा ओंडका असेल, बदामाचीं वाळलेलीं पानें टाकलीं असतील, किंवा फॉस्फेटाचें औषध घातलें असेल, तर आंकडा फसवितो. यासाठीं रंगदर्शक कुपी हें साधन अधिक भरंवशाचें. ही लहानशी कांचेची कुपी हौदांत उपडी टांगतात. तिच्यांत हौदाचें पाणी न घालतां ४ अंशांचें निराळें द्रावण घालतात आणि त्यांत ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगाचे थेंब टाकतात. हौदाचें पाणी आणि हें द्रावण यांच्यामध्यें हवेचा एक पोकळ थर राहतो. त्यांतून क्षार जात नाहींत, लांकडाचा अर्क जात नाहीं. जातो तो फक्त वायु. मग पाणी अमरावतीचें असो कीं खारपाणपट्ट्यांतील, कुपी एकच भाषा बोलते. निळा रंग म्हणजे वायु कमी, हिरवा म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. रंग पालटण्यास तासदोन तास लागतात, हें मात्र ध्यानांत ठेवावें. आतां दिसणारा हिरवा रंग मागल्या घटकेची हकीकत सांगत असतो.

हें द्रावण घरींहि करतां येतें. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत खाण्याचा सोडा १.२ ग्रॅम काळजीपूर्वक तोलून विरघळवावा. त्यांतील १०० मिलिलिटर काढून घेऊन त्यांत तसलेंच शुद्ध पाणी घालून पुन्हां एक लिटर करावें. लिटरमागें ०.१२ ग्रॅम सोडा झाला, म्हणजे द्रावण ४ अंशांचें झालें. नळाचें पाणी येथें कदापि वापरूं नये. वापरल्यास मापाची पट्टीच चुकीची होते.

वायु मिळविण्याचे मार्ग तीन. पहिला आंबवणाचा. एक लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून बाटलीला नळी जोडली कीं एकदोन आठवडे वायु निघत राहतो. मोहाच्या फुलांच्या आंबवणांतून जे बुडबुडे उठतात ते याच वायूचे. हा मार्ग स्वस्त खरा, पण त्याला लगाम नाहीं. रात्रीं तो थांबत नाहीं, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत आंबवण उधळल्यासारखें धांवतें. फेंस नळींतून हौदांत जाऊं नये म्हणून मध्यें एक रिकामी बाटली ठेवावी. दुसरा मार्ग लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा यांचा. वजनानें ३ भाग लिंबूसत्त्वाला ४ भाग सोडा हें त्यांचें पुरतें प्रमाण. दोन बाटल्यांच्या संचाला झडप असल्यामुळें वायु हवा तेव्हां सोडतां आणि बंद करतां येतो. मात्र दोन्ही वस्तु एका बंद बाटलींत कधींहि एकत्र करूं नयेत, बाटली फुटते. तिसरा मार्ग दाबाखालीं भरलेल्या नळकांड्याचा. त्याला रेग्युलेटर, बारीक झडप, बुडबुडे मोजण्याची कुपी आणि घड्याळाप्रमाणें चालूबंद होणारी विजेची झडप जोडली कीं तो सर्वांत शिस्तीचा ठरतो. तिन्ही मार्गांत नळींत एकमार्गी झडप हवी. नाहीं तर दाब कमी होतांच हौदाचें पाणी उलट वाहूं लागतें.

नळकांड्याविषयीं वऱ्हाडांतील कुटुंबांनीं एक गोष्ट कधीं विसरूं नये. २० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत नळकांड्यांतील बराचसा वायु द्रवरूप असतो आणि आंतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारें ५६ पट असतो. परंतु ३१ अंशांच्या वर हा वायु कितीहि दाबला तरी द्रवरूप राहूं शकत नाहीं. बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यानें ही मर्यादा १८६९ सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें स्पष्ट केली. त्या मर्यादेजवळ दाब सुमारें ७३ पट होतो, आणि उष्णता वाढेल तसा तो झपाट्यानें चढतो. थंड देशांत ३१ अंश म्हणजे क्वचित् येणारा दिवस; अकोला आणि अमरावती येथें मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो, आणि रात्रींहि कधीं कधीं ३१ च्या खालीं येत नाहीं. म्हणून नळकांडें कधींहि गच्च भरून घेऊं नये, तपासणीची मुदत पाहिल्याशिवाय वापरूं नये, आणि गच्चीवर, उन्हांत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. तें उभें बांधून ठेवावें. हा वायु हवेपेक्षां दीडपट जड असल्यामुळें बंद खोलींत तळाशीं सांचतो. ज्या खोलींत लहान मुलें खालीं निजतात तेथें नळकांडें ठेवूं नये.

उन्हाळ्याचे आणखीहि दोन परिणाम आहेत. पाणी तापलें कीं त्यांत वायु कमी विरघळतो. २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, ३० अंशांवर साडेसातच. नेमकी त्याच वेळीं माशांची प्राणवायूची भूक वाढलेली असते. म्हणून हिंवाळ्यांत जी मात्रा निर्धोक वाटली तीच वैशाखांत घातक होऊं शकते. दुसरा परिणाम बाष्पीभवनाचा. कूलरच्या वाऱ्यानें आणि पंख्यानें हौदांतील पाणी रोज आटतें, पण क्षार मागें राहतात. आटलेली जागा विहिरीच्याच पाण्यानें भरीत गेलें तर जडपणा आठवड्याआठवड्याला चढत जातो, आणि चैत्रांत केलेला हिशेब ज्येष्ठांत खोटा ठरतो. आटलेली जागा पावसाच्या किंवा आर. ओ. च्या पाण्यानें भरावी, आणि दर पंधरवड्यास जडपणा पुन्हां मोजावा.

रात्रीची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. दिवा मालवला कीं वनस्पतीचें वायु घेणें थांबतें, पण तिचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. तीहि माशांप्रमाणें प्राणवायु घेऊं लागते आणि कर्बाम्ल वायु सोडूं लागते. म्हणून सर्वांत वाईट घटका पहाटेची. अकोल्याच्या त्या मुलीनें सकाळींच मासे वर आलेले पाहिले, याचें मर्म येथें आहे. दिवा लागण्यापूर्वीं तासदोन तास वायु सुरू करावा, दिवा मालवण्यापूर्वीं तासभर बंद करावा, आणि रात्रीं हवेचा पंप चालवावा. ८८ लिटरांच्या हौदांत आरंभीं सेकंदाला एक बुडबुडा याहून अधिक वायु सोडूं नये. दोन आठवडे कुपीचा रंग आणि माशांची चाल पाहून मग हळूहळू मात्रा ठरवावी. आणि पहिल्या दिवशीं घरीं राहावें; वायु सुरू करून कचेरींत निघून जाऊं नये.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठीं वऱ्हाडच्या पाण्यांतच एक उत्तर आहे. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या वनस्पतींना कर्बाम्ल वायु अपुरा पडला तर पाण्यांतील बायकार्बोनेटांतून कर्ब काढून घेण्याची कला अवगत आहे. ज्या जडपणानें परदेशी नाजूक रोपें खंगतात, तोच जडपणा यांचा शिधा होतो. मॉली आणि गप्पी या माशांनाहि जड पाणी मानवतें. माफक दिवा, या दोनतीन वनस्पती आणि थोडे मासे, एवढ्यावर नळकांड्याशिवाय हिरवा, शांत हौद वर्षानुवर्षें चालतो. आपल्या पाण्याला मानवेल तें लावावें, हा कास्तकाराचा नियम कांचेच्या हौदालाहि लागू आहे.

ज्यांना मात्र वायूचीच हौस आहे, त्यांनीं तीन साक्षीदार विचारल्याखेरीज निर्णय करूं नये: जडपणाचें माप, कुपीचा रंग आणि मासा स्वतः. पहिले दोन चुकूं शकतात. तिसरा चुकत नाहीं. मासे पृष्ठभागाशीं येऊन भराभर कल्ले हलवूं लागले, तर यंत्रावरचा आंकडा कितीहि सुंदर असो, त्याच क्षणीं वायु बंद करावा, पंप सुरू करावा, आणि त्याच जातीचें ताजें पाणी थोडें थोडें घालून निम्मेंअधिक पाणी बदलावें. त्या घरच्या मुलीनें जें एका दृष्टिक्षेपांत ओळखलें, तें यंत्राला ओळखतां आलें नाहीं. रोज सकाळीं उठल्यावर आधीं माशांकडे पाहावें, आणि मग आंकड्याकडे.